रात्री साडेअकराचा जॉनी कार्सन, आणि अमेरिकेला ते जुने लेट नाइट शो अजून का हवेसे वाटतात

२२ मे १९९२, शुक्रवारची रात्र. अमेरिकेत साधारण पाच कोटी लोक टीव्हीसमोर बसलेत आणि पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक माणूस स्टुलावर बसून बोलतोय. पाहुणा कुणी नाही. जुन्या भागांतले थोडे तुकडे दाखवले, बरोबर काम केलेल्यांचे आभार मानले, अगदी मनापासून गुड नाइट म्हणाला आणि झालं. हा जॉनी कार्सन. एनबीसीवरचा 'द टुनाइट शो' त्याने १ ऑक्टोबर १९६२ ला हातात घेतला होता, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. २००५ मध्ये तो गेला. तरी त्याचे जुने भाग आजही तिकडे टीव्हीवर लागतात, यूट्यूबवर तर रोज बघितले जातात, आणि बघणाऱ्यांत अशी पोरंसुद्धा असतात ज्यांचा जन्मच १९९२ नंतरचा आहे. आता विचार करा, राष्ट्राध्यक्ष निक्सनवरचे जोक, पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमांची जाहिरात करायला आलेले नट, रंगीबेरंगी पडदे, यात आज कुणाला काय एवढं मिळत असेल? मला हे प्रकरण फार आवडतं, म्हणून जरा नीट उलगडून सांगतो.

आधी हा शो असायचा कसा ते बघू. बँड वाजतो, निवेदक एड मॅकमहॉन लांबलचक हेल काढून 'हिअर्स जॉनी' म्हणतो, पडद्यातून कार्सन बाहेर येतो आणि उभ्याने काही मिनिटं त्या दिवसाच्या बातम्यांवर जोक मारतो, याला मोनोलॉग म्हणतात. तो संपला की हवेतच गोल्फचा फटका मारायचा, ही त्याची सवय. मग टेबलामागे जाऊन बसायचं, शेजारी सोफा, एकेक पाहुणा येणार, मध्ये एखादं प्रहसन, एखादं गाणं. आपल्याकडे १९९७ मध्ये सोनीवर शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' आला तो याच साच्यातला, त्यामुळे ज्यांनी तो बघितलाय त्यांना पटकन कळेल. हा साचा कार्सनचा नाही बरं का. २७ सप्टेंबर १९५४ ला स्टीव्ह अॅलनने 'टुनाइट' सुरू केला तेव्हाच बहुतेक सगळं ठरलं होतं. त्याच्यानंतर आला जॅक पार, १९५७ ते ६२, हा जास्त हळवा आणि गप्पिष्ट. १९६० मध्ये त्याचा संडासावरचा एक साधासा जोक नेटवर्कने न विचारता कापला, तर हा माणूस दुसऱ्या दिवशी चालू शोमधून उठून निघून गेला आणि काही आठवड्यांनी परत येऊन, मध्येच तोडलेलं बोलणं पुढे चालू करावं तसा बोलायला लागला. लेट नाइट हे काहीतरी जिवंत प्रकरण आहे, इथे काहीही होऊ शकतं, ही भावना तिथपासूनची.

आता वेळेची गंमत बघा, कारण माझ्या मते अर्धं उत्तर वेळेतच आहे. शो लागायचा न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री साडेअकराला, लोकल बातम्या संपल्या की लगेच. जेवणं झालेली, पोरं झोपलेली (किंवा झोपेचं सोंग घेऊन बाहेरच्या हसण्याचे आवाज ऐकत पडलेली), उद्याच्या कामाला अजून वेळ आहे, म्हणजे दिवसातला हा एकच तुकडा असा की ज्यात कुणाला काही करायचं नाहीये. कितीतरी लोक तो अंथरुणात पडूनच बघायचे. आणि जी बातमी तासाभरापूर्वी गंभीर चेहऱ्याने ऐकली, वॉटरगेट असेल, महागाई असेल, पेट्रोलसाठीच्या रांगा असतील, तीच हा माणूस जरा वाकडी करून परत सांगायचा. त्याने आपले प्रश्न सुटतात असं अजिबात नाही, पण दिवसभराची भीती थोडी हलकी होते आणि झोप लागते. हे काम छोटं नाहीये.

शिवाय देशात मोठी टीव्ही नेटवर्कं तीनच, एनबीसी, सीबीएस आणि एबीसी, त्यामुळे सगळे तेच बघणार. याची ताकद किती होती त्याचा एक किस्सा. डिसेंबर १९७३, तेलाची टंचाई सुरू आहे, लोक आधीच बिथरलेले, आणि विस्कॉन्सिनच्या एका खासदाराने सांगितलेलं की सरकारी खरेदीला टॉयलेट पेपर पुरेसा मिळत नाहीये. कार्सनने त्यावर मोनोलॉगमध्ये जोक केला की देशात टॉयलेट पेपरची टंचाई आहे. दुसऱ्या दिवशी लोकांनी दुकानांवर धाड घातली, फळ्या रिकाम्या केल्या आणि टंचाई खरोखरच झाली, शेवटी कार्सनला शोमध्येच खुलासा करावा लागला. आज कुठलाही होस्ट असा जोक करो, असं होणार नाही, कारण त्या रात्री तो जोक ऐकलेला माणूस सकाळी ऑफिसमध्ये भेटेलच याची खात्री नाही. तेव्हा होती. सकाळी चहाच्या वेळी 'काल जॉनी बघितलास का' एवढं म्हटलं की गप्पा सुरू.

हे झालं समाजाचं. आता एकेकट्या माणसाच्या मनात काय होतं ते. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक लेख लिहिला, त्यात त्यांनी टीव्ही-रेडिओवरच्या अशा माणसांशी आपलं जे नातं जुळतं त्याला पॅरासोशल असं नाव दिलं. सोप्या भाषेत सांगायचं तर एकतर्फी ओळख. होस्ट कॅमेऱ्यात बघून बोलतो, म्हणजे माझ्याशीच बोलतो, त्याच्या सवयी मला पाठ होतात, तो कशावर हसेल हे मला आधी कळतं, त्याचं लग्न मोडलं तर मला वाईट वाटतं (कार्सनची तीन मोडली आणि त्यावर तो स्वतःच जोक करायचा), पण त्याला माझं नावही माहीत नसतं. यात काही वेडेपणा नाही, आपला मेंदू माणसं ओळखीची करून घेतो ती चेहरा, आवाज आणि वारंवार भेट यावरूनच, आणि आठवड्यातून इतक्या रात्री तुमच्या झोपायच्या खोलीत येणारा चेहरा सख्ख्या भावापेक्षा जास्त वेळा दिसतो. कार्सन प्रत्यक्षात फार अबोल होता, पार्ट्यांमध्ये एका कोपऱ्यात असायचा असं त्याला ओळखणारे सगळे सांगतात. त्यामुळे लोकांना माहीत असलेला जॉनी जगात होता तो फक्त रात्रीच्या त्या तासा-दीड तासात. म्हणून शो बंद झाला तेव्हा लोक रडले.

आता सोफा. या सगळ्यात माझी आवडती गोष्ट म्हणजे तो सोफा, आणि आजच्या शोंमध्ये नेमकं काय हरवलंय ते त्याच्यावरून सगळ्यात चांगलं दाखवता येतं. तेव्हा पहिला पाहुणा आला, त्याच्याशी बोलणं झालं, की तो उठून जायचा नाही. सरकून बसायचा. दुसरा यायचा, तो टेबलाजवळच्या जागी बसायचा, मग तिसरा. शेवटी सोफ्यावर एक मोठा नट, एक गायिका, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून माकड घेऊन आलेली बाई आणि एखादा शास्त्रज्ञ असे सगळे एकत्र बसलेले असायचे आणि दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच तोंड घालायचे, अगदी गावातल्या पारावर जसं कुणीही येतं, बसतं आणि चालू विषयात घुसतं तसं. याचं स्क्रिप्ट नसतं. पाहुण्यांशी आधी बोलून प्रश्न काढून ठेवायची पद्धत तेव्हाही होतीच, होस्टसमोर कार्डं असायची, पण सोफ्यावर पलीकडे बसलेला माणूस काय बोलेल ते कुठल्या कार्डावर लिहिणार? आणि नवीन कॉमेडियनसाठी तर हा सोफा म्हणजे निकाल होता. उभ्याने पाच-सहा मिनिटं सादर करायची, आणि कार्सनने हात करून 'ये, बस' म्हटलं तर आयुष्य बदललं. १९७३ च्या डिसेंबरमध्ये फ्रेडी प्रिन्झ नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच आला, त्याला बोलावलं, आणि पुढच्या वर्षी तो एका विनोदी मालिकेचा हिरो झाला. बघणारे लाखो लोक श्वास रोखून बघत असणार की बोलावतोय का नाही. आता पाहुणा येतो, पाच-सात मिनिटांत ठरलेला किस्सा सांगतो, सिनेमाची तारीख सांगतो, टाळ्या, गेला. वाईट म्हणत नाही मी, पण सोबत बसणं त्यातून गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई नसणं. १९६५ मधला एक प्रसंग आहे, एड एम्स हा गायक-नट तेव्हा एका मालिकेत कुऱ्हाड फेकणारी भूमिका करत होता, तर कार्सनने त्याला फळीवर काढलेल्या काउबॉयच्या आकृतीवर छोटी कुऱ्हाड फेकून दाखवायला सांगितलं. त्याने फेकली ती नेमकी दोन पायांच्या मध्ये जाऊन रुतली, दांडा वर. हशा पिकला. एम्स बिचारा ओशाळून कुऱ्हाड काढायला निघाला, आणि कार्सनने काय केलं, त्याला हाताने धरून थांबवलं. बस. काही बोलला नाही, हसू वाढू दिलं, दोन कुऱ्हाडी घेऊन एकमेकींवर घासत उभा राहिला आणि लोकांचं हसणं ओसरायला लागलं तेव्हा कुठे एक वाक्य टाकलं. आजही ती क्लिप बघताना तो थांबण्याचा क्षण बघा, कला तिथे आहे. शांतता भरून काढायची भीतीच नाही त्या माणसाला.

किंवा ती बटाट्याच्या वेफर्सवाली आजी. १९८७ मध्ये एका वेफर्सच्या कारखान्यात काम करणारी बाई आली होती, तिने वर्षानुवर्षं माणसांच्या, प्राण्यांच्या आकाराचे वेफर्स वेगळे काढून जपले होते, तो सगळा खजिना टेबलावर मांडलेला. मॅकमहॉनने तिला पलीकडे बोलण्यात गुंतवलं आणि मागून 'कुरुम' असा आवाज. ती वळून बघते तर कार्सन वेफर खातोय. तिचा चेहरा असा काही पडला की कार्सनने लगेच तिला सांगितलं की अहो, माझ्याकडे वेगळी वाटी आहे, तुमचा नाही खाल्ला. इथे दोन गोष्टी बघा, एक म्हणजे देशातल्या सगळ्यात महागड्या वेळेत एका कामगार बाईला एवढा वेळ दिला, आणि दुसरी म्हणजे चेष्टा केली पण तिला क्षणभरही हास्यास्पद होऊ दिलं नाही. लोकांना जे परत हवंय ना, त्यात हा चांगुलपणा मोठा आहे.

वेळ भरपूर असायचा हेही खरं. सुरुवातीला शो १०५ मिनिटांचा होता, मग ९० झाला आणि १९८० पासून ६०. दीड तास भरायचा म्हणजे नुसत्या नटांवर भागत नाही, मग लेखक येतात, डॉक्टर येतात, कार्ल सेगन येऊन ग्रह-तारे समजावून सांगतो आणि कार्सनला स्वतःला आकाशदर्शनाचा नाद, तो मनापासून प्रश्न विचारतो. एबीसीवर डिक कॅव्हेट नावाचा होस्ट होता, १९६९ पासून सत्तरीच्या मध्यापर्यंत, तो तर कधीकधी अख्खा शो एकाच माणसाला द्यायचा. १९७३ मध्ये हॉलिवूडची मोठी नटी कॅथरीन हेपबर्न, जी मुलाखती देतच नसे, ती फक्त सेट बघायला म्हणून आली आणि म्हणाली आत्ताच सुरू करू, तर प्रेक्षक नसताना तशीच मुलाखत झाली. एवढं लांब बोलणं आज टीव्हीवर नाही, ते पॉडकास्टकडे गेलं. पण पॉडकास्ट आपण निवडून ऐकतो, ज्यात रस आहे तेच. कार्सनकडे गायिकेसाठी थांबलेल्या माणसाला न मागता सेगन मिळायचा.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. हे शो टिकवण्यासाठी बनवलेलेच नव्हते. संध्याकाळी रेकॉर्ड करायचे, जवळपास लाइव्ह असल्यासारखे, फारसं कापाकापी न करता, रात्री दाखवायचे, संपलं. त्या काळच्या दोन इंची व्हिडिओ टेप महाग असायच्या, म्हणून नेटवर्क त्याच टेपवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचं. १९६२ ते १९७२, न्यूयॉर्कमधली कार्सनची जवळजवळ सगळी दहा वर्षं अशी पुसली गेली. पहिल्या भागाचा आवाज आहे, विनोदी नट ग्राउचो मार्क्स त्याची ओळख करून देतोय तो, पण चित्र नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये कार्सनच्या जागी हॅरी बेलाफाँटेने आठवडाभर शो चालवला, एक काळा कलाकार देशाच्या सगळ्यात लोकप्रिय रात्रीच्या खुर्चीत, आणि पाहुण्यांमध्ये मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी. किंग एप्रिलमध्ये मारले गेले, केनेडी जूनमध्ये. त्या आठवड्यातलं फारच थोडं उरलंय. हे वाचल्यावर मला दर वेळी पोटात कालवतं. पुढे १९७२ मध्ये शो कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेला, तिथल्या टेप नंतर कॅन्ससमधल्या एका जुन्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली कोरड्या थंड जागेत ठेवल्या, म्हणून आज बघायला मिळतायत.

तर उद्या कुणी हे परत बघणार नाही असं धरून चाललेली माणसं कशी वागतात? सैल वागतात. जोक पडला तर पडला, बँड एक जुनी नाचाची धून धरायचा आणि कार्सन पाय घसटत नाचून घ्यायचा, पडलेल्या जोकवर उठलेला हशा मूळ जोकपेक्षा मोठा. पाहुणे सिगारेट ओढतायत, विसरतायत, वाद घालतायत. आज स्टुडिओत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की हा तुकडा उद्या सकाळी क्लिप म्हणून फिरणार आहे आणि दहा वर्षांनीही कुणीतरी उकरून काढणार आहे, त्यामुळे प्रत्येक मिनिट आवळून बसवलेलं, खेळ ठरलेले, चूकसुद्धा ठरवून केलेली वाटते. मला ठाम वाटतं की जुन्या शोंची ओढ म्हणजे त्या सैलपणाची ओढ आहे, कार्सन हा त्याचा सगळ्यात ओळखीचा चेहरा.

पण आठवणीवर आंधळा विश्वास ठेवायचं कारण नाही. आपल्यापर्यंत येतात ते निवडलेले तुकडे, कुऱ्हाड, वेफर, १९८१ मध्ये जुना नट जिमी स्टुअर्टने आपल्या मेलेल्या कुत्र्यावरची कविता वाचली तो प्रसंग (कार्सनचे डोळे भरून आले होते, जरूर बघा). मधले कित्येक भाग कंटाळवाणे होते, बायकांच्या शरीरावरचे जोक आज ऐकवत नाहीत, आणि खुर्ची कायम पुरुषाचीच. कॉमेडियन जोन रिव्हर्स १९६५ पासून कार्सनची लाडकी, १९८३ पासून तर त्याच्या सुट्टीतली कायमची होस्ट, पण १९८६ मध्ये तिने फॉक्सवर स्वतःचा शो घेतला आणि कार्सन तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. 'टुनाइट शो'वर ती परत दिसली ती थेट २०१४ मध्ये, जिमी फॅलन होस्ट झाल्यावर. चांगुलपणाचं कौतुक करताना हेही त्याच माणसाचं, हे लक्षात ठेवायला हवं.

मानसशास्त्रात आणखी एक गोष्ट नीट तपासलेली आहे, की साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी म्हातारपणी इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठळक येतात, कारण पहिल्यांदा घडलेलं बरंच त्याच वयात असतं. माझे एक नातेवाईक सत्तरच्या दशकात शिकायला अमेरिकेत गेले, १९६५ च्या स्थलांतराच्या नव्या कायद्यानंतर दार उघडलं त्या लाटेत, त्यांना कार्सनचा एक जोक आठवत नाही पण शोची सुरुवातीची धून आजही तोंडाने वाजवून दाखवतात, आणि त्या धुनेबरोबर भाड्याची खोली, बर्फ, दोघा रूममेटमध्ये एक टीव्ही, कळत नसलेल्या जोकवर दुसऱ्याकडे बघून हसणं, सगळं येतं. म्हणजे आठवतंय ते स्वतःचं तरुणपण, शो हा त्याचा पत्ता. जे तेव्हा जन्मलेच नव्हते त्यांना हे लागू नाही, त्यांना तिथे दिसतो तो वेळ, कुणालाच कुठे जायची घाई नसलेला वेळ.

हे सगळं मोडलं कसं हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९८२ मध्ये डेव्हिड लेटरमन कार्सनच्या पाठोपाठ साडेबाराला आला, त्याने सगळ्या साच्याचीच मस्करी केली आणि तरुण त्याच्याकडे गेले. १९९२ मध्ये कार्सनची खुर्ची मात्र जे लेनो या दुसऱ्या कॉमेडियनला मिळाली, लेटरमन चिडून सीबीएसला गेला, त्यात केबलची शंभर चॅनेलं, मग हवं तेव्हा बघायची सोय, मग यूट्यूब. साडेअकराला बसायची गरजच उरली नाही. जुलै २०२५ मध्ये सीबीएसने जाहीर केलं की स्टीफन कोल्बेरचा शो मे २०२६ मध्ये बंद करणार आणि त्या जागी दुसरा होस्टही आणणार नाही, कारण सांगितलं पैशाचं. कारणावर तिकडे खूप वाद झाला, पण हा धंदा आता महाग पडतो हे कुणी नाकारलं नाही.

कुणाला बघायचंच असेल तर माझं एक सांगणं आहे, क्लिपवर थांबू नका. तिकडच्या अँटेना टीव्ही या चॅनेलने २०१६ पासून जुने अख्खे भाग लावायला सुरुवात केली, नाव फक्त 'जॉनी कार्सन', कारण 'टुनाइट शो' हे नाव एनबीसीचं. यूट्यूबवरही लांब भाग सापडतात. सत्तरीतला एखादा नव्वद मिनिटांचा भाग घ्या, शक्यतो ज्यातला एकही पाहुणा तुम्हाला माहीत नाही असा, रात्री जेवून झाल्यावर लावा, फोन लांब ठेवा आणि पहिली वीस मिनिटं कंटाळा आला तरी बंद करू नका. दुसरा पाहुणा आला की पहिला सोफ्यावर सरकतो, तिथपासून बघायला मजा येते.